लहान मुलांच्या सर्दीचे थेंब : सील न उघडताच परत केलेली बाटली

दोन वर्षांच्या मुलीचे नाक वाहू लागले आणि खोकल्याने तिची झोप मोडू लागली, म्हणून मी घराजवळच्या औषधाच्या दुकानातून सर्दीच्या थेंबांची १५ मिलीलिटरची बाटली आणली. दुकानदाराने ना डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, ना मुलीचे वय किंवा वजन विचारले. खोक्यावर फळाची चव ठळक छापलेली आहे, सोबतच्या ड्रॉपरवरील खुणाही नीट दिसतात. मात्र चार वर्षांखालील मुलांना हे औषध देऊ नये, ही सूचना बाजूच्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरांत आहे आणि ती मला घरी आल्यावरच दिसली.

प्रत्येक मिलीलिटरमध्ये क्लोरफेनिरामाइन २ मिलिग्रॅम आणि फेनिलेफ्रिन ५ मिलिग्रॅम आहे. पहिल्याने नाक कोरडे पडते आणि गुंगी येते, दुसऱ्याने नाकातील रक्तवाहिन्या आकसतात. परंतु इतक्या लहान वयात त्यांचा ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि मात्रा थोडी चुकली तरी अस्वस्थता, छातीची धडधड किंवा अतिगुंगी संभवते. नेमक्या याच मिश्रणाबाबत भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये चार वर्षांची मर्यादा घालून दिली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर २००८मध्येच दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत, असे सांगितले होते.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, त्यांपैकी अनेकांवर आमच्या नागपुरातच उपचार चालू होते. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के आढळले. तो भेसळीचा प्रश्न होता, माझ्या हातातील बाटलीचा नव्हे. पण अशी भेसळ कोणत्याही आईबापाला लेबल वाचून कळणार नाही, म्हणून गरज नसलेले औषध घरात न आणणे हीच मला खरी खबरदारी वाटते. ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्रीय आरोग्य विभागानेही दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत, असे कळवले.

याच फळीवरील काही मिश्रणांत पॅरासिटामॉलही असते. तापाचे औषध चालू असताना ते दिले, तर नकळत दुहेरी मात्रा जाऊन यकृताला इजा होऊ शकते.

बालरोगतज्ज्ञांनी मुलीला तपासून नाकात सलाइनचे थेंब, भरपूर पातळ पदार्थ आणि रात्री अर्धा चमचा मध सांगितला. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध मुळीच देऊ नये, हेही बजावले. श्वास जलद चालला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा मूल पाणीही पिईना, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे आहे.

दुकानदाराने बाटली परत घेतली. चार वर्षांखालील मुलांसाठी या थेंबांची शिफारस मी करणार नाही, आणि वयाची सूचना खोक्याच्या दर्शनी भागावर मराठीत, चवीच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावी, अशी उत्पादकांकडे माझी आग्रहाची मागणी आहे.