रॉयल कॅनिन हायपोअलर्जेनिक: खाजणाऱ्या लहान कुत्र्यासाठी घ्यावं का?

आठ आठवड्यांची तपासणी (तेवढा काळ फक्त हेच खाणं देऊन खाज थांबते का ते बघायचं) विकत घेतोय असं धरून हे डॉग फूड आणलं, तर पैसे वसूल. 'खाज कमी करणारं खाणं' म्हणून आणलं तर महाग पडतं आणि कळत काहीच नाही.

शिह त्झू, पग, पॉमेरेनियन वर्षभर पंजे चाटत असेल, कान सारखे लाल होत असतील, ढुंगण जमिनीला घासत असेल, तर खाण्यावर संशय घ्यायला जागा आहे. फक्त पावसाळ्यात उसळणाऱ्या खाजेमागे बहुतेकदा पिसवा, गोचीड किंवा यीस्ट (त्वचेवरची बुरशी) निघतं. ते आधी व्हेटकडून तपासून घ्या, नाहीतर खाणं बदलूनही खाज तशीच राहते आणि दोष फूडला जातो. रक्ताच्या, केसांच्या, लाळेच्या 'फूड अ‍ॅलर्जी टेस्ट'वर खर्च करू नका. त्यांचा भरवसा नाही.

यात मुख्य प्रथिन सोयाचं आहे, हायड्रोलाइज्ड, म्हणजे इतके बारीक तुकडे केलेलं की शरीराच्या प्रतिकारशक्तीला ते सहसा ओळखू येत नाही. सोबत तांदूळ. कुत्र्यांमध्ये जास्त आढळणारी अ‍ॅलर्जी गोमांस, दूध, चिकन आणि गव्हाची. थोडक्यात, आपल्याकडच्या दूध-पोळीत त्यातले दोन आयतेच आले.

५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८० ते ९५ ग्रॅम लागतं. मापाच्या कपाने नको, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. एवढ्याशा जिवाला रोजचे १५ ग्रॅम जास्त म्हणजे महिन्याभरात कंबर गायब. आठ आठवड्यांना जवळपास साडेपाच किलो, म्हणजे दोन किलोच्या तीन पिशव्या धरा. पहिले सात दिवस जुन्या खाण्यात पाव, अर्धं, पाऊण असं वाढवत न्या. आठवडे मोजायचे ते पूर्ण नवीन खाणं सुरू झाल्या दिवसापासून. बऱ्याच कुत्र्यांत पाचव्या आठवड्यापर्यंत फरक दिसतो, पण तिसऱ्या आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडणारेच जास्त.

तपासणी फसते ती घरच्यांमुळे. आजीने टाकलेला पोळीचा तुकडा, शेजाऱ्यांचं बिस्किट, मुलाच्या ताटाखालचा भात, चिकन फ्लेवरची टूथपेस्ट, आणि हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पिसवांची चघळायची गोळी. या गोळ्यांना बहुधा मांसाची चव असते. तेवढ्या काळासाठी मानेवर टाकायचं औषध चालेल का ते व्हेटला विचारा. बक्षीस द्यायचंच तर रोजच्या मापातलेच दहा-बारा दाणे सकाळी वाटीत बाजूला काढून ठेवा.

पिशवी जुन्या फूडच्या डब्यात ओतू नका. तळाला चिकनचा भुगा असतो. मूळ पिशवीच दुमडून, क्लिप लावून, कोरड्या डब्यात उभी ठेवा. दमट हवेत कोरड्या फूडमध्ये बारीक माइट्स होतात आणि काही कुत्र्यांना त्यांचीच खाज सुटते.

आठ आठवड्यांनी खाज थांबली की अर्धीच तपासणी झाली. आता जुनं खाणं परत सुरू करायचं. दोन आठवड्यांच्या आत खाज उसळली तर अ‍ॅलर्जी खाण्याचीच. ही पायरी कोणालाच आवडत नाही, पण ती गाळली तर बरं कशामुळे वाटलं ते कळायला मार्ग नाही. खाज दाबणारी गोळी किंवा शाम्पूही तेव्हा चालू असतोच. गोळी द्यायचीच तर सुरुवातीचे काही आठवडे, शेवटी व्हेटला विचारून बंद.

तक्रारी? किंमत साध्या चिकन किबलच्या (कोरड्या दाण्यांच्या फूडच्या) कित्येक पट. काही कुत्री तोंडही लावत नाहीत. दाण्यांवर कोमट पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा, पण 'भूक लागली की खाईल' हा हट्ट लहान जातीच्या पिल्लापाशी करू नका, त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. दुकानातलं 'ग्रेन फ्री' किंवा 'एकाच मांसाचं' फूड स्वस्त पर्याय वाटतं. पण अशा पिशव्यांत लेबलवर न लिहिलेली प्रथिनं प्रयोगशाळेत सापडली आहेत, त्यामुळे या कामाला ते नको.

सोया चंक्स घातलेला भात खाऊन वाढलेल्या कुत्र्याला मात्र हे पहिल्या फेरीत देऊ नये. त्याच्यासाठी हिल्स कंपनीचं झेड/डी हे असंच फूड बघा. त्यात हायड्रोलाइज्ड चिकन यकृत असतं, म्हणून चिकनचाच दाट संशय असेल तर निवड व्हेटवर सोडा.