घड्याळ चुकलं म्हणून चोरी कळली

पहाटे तीनला गोदामातून शिफ्टवरच्या मुलाचा फोन आला. "सर, तिन्ही क्रेन थांबल्यात. फॉल्ट कुठलाच नाही." दुसरं वाक्य ऐकून मी ताडकन उठून बसलो. क्रेन थांबली की पडद्यावर काहीतरी कारण येतंच. पॅलेट, म्हणजे माल रचायची फळी, कडेला लागलं, ती उचलणारा फोर्क मधोमध नाही, सेन्सरवर बर्फ बसला, असं काहीही. इथे सगळं हिरवं, आणि क्रेन जागच्या हलेनात.

ज्यांनी गोठवलेल्या मालाचं असं आपोआप चालणारं गोदाम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आत उणे २५ अंश, रॅक सात-आठ मजली इमारतीएवढे उंच, आणि मधल्या गल्लीत फक्त क्रेन धावते, माणूस नाही. कूलिंग चालू आहे तोवर माल उणे १८ च्या वर जात नाही, पण तो बाहेरही येत नाही. कुठलं पॅलेट कुठल्या खणात आहे, हे फक्त डेटाबेसला ठाऊक. त्या दिवशी आम्ही जाड जॅकेट घालून, पाळीपाळीने पॅनेलपाशी उभं राहून, क्रेन हाताने चालवत माल काढला. तासाला सहा-सात पॅलेट. दारात गाड्यांची रांग.

सकाळी, क्रेनची नवी यंत्रणा बसवून देणाऱ्या कंत्राटदाराला फोन लावला. उत्तर जणू तयारच होतं: "सर्व्हिसचा वार्षिक करार करून टाका, इथूनच बघतो." तीन आठवड्यांपूर्वी हाच करार आम्ही महाग म्हणून नाकारला होता. तेव्हाच डोक्यात पाल चुकचुकायला हवी होती.

मागची गोष्ट अशी. आमचे कंट्रोलर, म्हणजे क्रेन चालवणारे छोटे संगणक, सिमॅटिक एस-५ या जुन्या पिढीतले, सुटे भाग सेकंडहँड बाजारातून शोधून आणायचो. त्यांना हुकूम देणारा वरचा संगणक विंडोज एक्सपीवर; त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलेला. कंट्रोल आणि सॉफ्टवेअर दोन्ही बदलणं भागच होतं. या मंडळींनी कबूल केलं की गोदाम बंद न ठेवता, एकेक गल्ली सुट्टीच्या दिवशी नव्या यंत्रणेवर आणू. आणि खरं सांगतो, तेवढं त्यांनी चोख केलं. त्यामुळेच पुढचं तपासायला आम्ही कंटाळा केला. मधे एकदा खटका उडाला होता, तोही लक्षात ठेवायला हवा होता: बिलात काच गरम ठेवणारे फोटोसेन्सर, आणि बसवलेले साधे. दाराजवळच्या कन्व्हेयरवर दमट हवा आत आली की काचेवर बर्फ, आणि पॅलेट नसताना "पॅलेट आहे" असा सिग्नल. तक्रार केल्यावर निमूटपणे बदलून दिले. आम्ही म्हटलं, चूक झाली असेल.

काम संपल्यावर हँडओव्हरला एक पेनड्राइव्ह मिळाला, वर सुबक लेबल, "सोर्स प्रोग्रॅम". आमच्या माणसाने लॅपटॉपला लावला, प्रोजेक्ट उघडला, डावीकडे ब्लॉकची, म्हणजे प्रोग्रॅमच्या तुकड्यांची, यादी दिसली. आम्ही सही केली. त्या यादीत काही ब्लॉकवर बारीक कुलपाचं चिन्ह होतं. आत काय लिहिलंय ते पासवर्डशिवाय दिसत नाही, ब्लॉक चालतो मात्र नेहमीसारखा. विचारलं तेव्हा म्हणाले, "आमचं तंत्र आहे, ते झाकलेलं असतं." हे अगदीच खोटं नाही, या धंद्यात अशी पद्धत आहे. कुठलं तंत्र झाकलंय, एवढंच आम्ही विचारलं नाही.

चोरी कळली ती योगायोगाने. दुपारी आमच्या इलेक्ट्रिशियनला वाटलं, कंट्रोलरच गेला असेल. त्याने दोन नंबरच्या क्रेनचा कंट्रोलर काढला, कपाटातला स्पेअर लावला, जुन्यातलं मेमरी कार्ड त्यात सरकवलं. क्रेन सुरू! सगळे टाळ्या वाजवतायत, आणि चाळीस मिनिटांनी ती पुन्हा थांबली. हा पोरगा हुशार, कंट्रोलरचा लॉग उघडून बसला. नव्या कंट्रोलरचं घड्याळ कारखान्यातून येतं तसं कित्येक वर्षं मागे होतं. सर्व्हरने त्याची तारीख दुरुस्त केली, आणि नेमकी त्याच क्षणाला क्रेन थांबली. म्हणजे कुलूपबंद ब्लॉकमध्ये कुठेतरी तारीख तपासली जात होती. फॉल्ट नव्हताच, मुदत होती.

आम्ही त्या वार्षिक कराराचे पैसे भरले. होय, भरले. हजारो पॅलेट आत ओलीस असताना वकिलाची नोटीस कोण लिहीत बसणार? पैसे पोचले, आणि अर्ध्या तासात दुरूनच तिन्ही क्रेन चालू. नोटीस मागाहून गेली. त्यावर "परवान्याच्या अटी करारात नमूद आहेत" असं उत्तर आलं. मूळ कामाचा करार काढून पाहिला तर खरोखरच होत्या, परिशिष्टात, सेन्सरच्या यादीच्या मागे.

तुमच्याकडे असं काम निघालं असेल तर शेवटचा मोठा हप्ता एकाच गोष्टीवर अडवून धरा. कंत्राटदाराचा माणूस खोलीबाहेर बसवा. तुमच्या लॅपटॉपवर, तुमच्या परवान्याने प्रोग्रॅम उघडा, एकही ब्लॉक बंद नको. तो पुन्हा कंपाइल करून, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात आणून, कोऱ्या कंट्रोलरमध्ये घाला, आणि त्यावर क्रेन हलवून दाखवा. मग घड्याळ दोन वर्षं पुढे करून पुन्हा हलवा. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड त्याच दिवशी बदला. कंत्राटदाराचं दुरून जोडायचं कनेक्शन स्विचवर ठेवा, आणि तो स्विच तुमच्या माणसाच्या हातात असू दे. सिम्युलेशनवर, म्हणजे संगणकावरच्या नकली क्रेनवर, सगळं झकास चालतं म्हणून दाखवतील, त्याला भुलू नका. आम्हीही तेच बघून माना डोलावल्या होत्या.

आता दुसरा प्रोग्रॅमर वायरिंगचे नकाशे घेऊन एकेका क्रेनचा प्रोग्रॅम नव्याने लिहितोय. दोन झाल्या. तिसरीचं काम पुढच्या सुट्टीत आहे, आणि तिची मुदत त्याच्या अकरा दिवस आधी संपते.