घरगुती शुक्राणू तपासणी किट: रेघ गडद उमटली, तरी खरं कारण राहूनच गेलं

पाचपैकी दोन तारे. किटने सांगितलं ते खरं निघालं म्हणून दोन; मला जे कळायला हवं होतं, ते त्यात नव्हतंच.

दीड वर्ष झालं तरी बायकोला दिवस राहत नव्हते. लॅबमध्ये जाऊन नमुना द्यायची लाज वाटली, म्हणून हे मागवलं. वापरायला सोपं आहे. नमुना कपात घ्यायचा, पातळ होऊ द्यायचा, थेंब टाकायचे. रेघ गडद आली, म्हणजे संख्या पुरेशी. मी निर्धास्त झालो आणि पुढचे आठ महिने तपासण्या फक्त तिच्याच झाल्या. सुया, सोनोग्राफी, गोळ्या. हे मला अजूनही खुपतं.

शेवटी तिच्या डॉक्टरांनी मला लॅबमध्ये पाठवलं. संख्या मिलिलिटरला ४ कोटी १० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे, त्यामुळे तिथे काहीच खोट नव्हती. पण हलणारे शुक्राणू २४ टक्केच, निदान ४२ हवेत. शिवाय पांढऱ्या पेशी मिलिलिटरला ३० लाख! त्या १० लाखांवर गेल्या की संसर्ग शोधावा लागतो. पहिल्या धारेच्या लघवीच्या पीसीआरमध्ये, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत, क्लॅमिडिया हा शरीरसंबंधातून पसरणारा जंतू निघाला. मला ना जळजळ होती, ना स्राव, ना दुखणं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी जे रासायनिक घटक सोडतात, त्यांनी शुक्राणूचं आवरण आणि आतला डीएनए बिघडतो, शेपटीचा जोर जातो. सूज अंडकोषामागच्या नळीत पोहोचून व्रण धरला, तर शुक्राणूंची वाटच बुजते. बायकांच्या गर्भनलिकाही याच जंतूने बंद होऊ शकतात. हे ऐकून मी हादरलो. तिच्या मोकळ्या निघाल्या.

दोघांनी एकाच वेळी औषध घेतलं, तोवर संबंध टाळले. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी फेरतपासणी केली: हालचाल ४६ टक्के, पांढऱ्या पेशी नगण्य.

किटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्रजननक्षमता तपासा’ असं छापलंय. कंपनीने तिथे ‘फक्त संख्या कळते, हालचाल आणि संसर्ग नाही’ असं तितक्याच मोठ्या अक्षरांत छापावं. मी तसं त्यांना लिहून कळवलंय.