घरी, औषधाशिवाय बाळंतपण: टब की शॉवर?

घरीच, पेनकिलरशिवाय डिलिव्हरी ठरवलीये तर कळा सोसायला टब आणायचा की शॉवरवर भागवायचं? टबमध्ये छातीपर्यंत पाणी असलं की अंग हलकं होतं, कूस बदलणं, गुडघ्यांवर येणं सोपं जातं. पण भरायला वेळ लागतो, गरम पाणी मध्येच संपतं, ३७.५ डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही म्हणून कोणीतरी थर्मामीटर घेऊन बसायला हवं, आणि आधी एकदा भरून बघाच, पाइप नळाला बसत नाही हे ऐन वेळी कळलं तर नवऱ्याची जी धांदल उडते ना! शॉवरला तयारी फारशी नाहीच, स्टूलवर पुढे रेलून बसायचं, कमरेवर धार सोडायची, बास. वजन मात्र पेललं जात नाही.

दुसरी खेप बऱ्याचदा भराभर होते, टब भरेपर्यंत बाळ हातात, तिथे मी शॉवरच म्हणेन. पहिलटकरणीला टब. पण रक्त जास्त गेलं किंवा बाळाभोवतीचं पाणी (गर्भजल) हिरवट दिसलं की लगेच टबबाहेर. इंग्लंडच्या २०११ च्या मोठ्या अभ्यासात घरी ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना हॉस्पिटलला हलवावं लागलं होतं, त्यामुळे काहीही निवडा, मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) हजर, बॅग भरलेली आणि गाडी दारात हवी.