शब्दयादी की मॉडेल? आपोआप जाणाऱ्या पोस्टमधले अपशब्द गाळताना

फॉलोअरचं नाव आपोआप घालून पोस्ट टाकायची, तर गाळणी हवीच. 2014 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या खात्यावरून अशाच एका मोहिमेत वर्णद्वेषी नाव छापलेल्या जर्सीचं चित्र गेलं, संघाने माफी मागितली. गाळणी त्यांच्याकडेही होती. प्रश्न आहे तो कोणती लावायची याचा: नको त्या शब्दांची यादी, की मजकूर किती आक्षेपार्ह आहे याचे गुण देणारं एआय मॉडेल?

शब्दयादी बदनाम आहे, आणि उगीच नाही. नुसता तुकडा शोधला की ‘मसाला’त ‘साला’ सापडतो आणि ‘गांडूळखत’ विकणाऱ्याची मोहीमच अडते. पूर्ण शब्द जुळवावा तर ‘गाढव’ पकडला जातो, ‘गाढवांनो’ सुटतो. म्हणजे सामान्यरूपंही लिहा, शिवाय निर्दोष शब्दांची वेगळी यादी ठेवा. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या रेगेक्समधलं (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीतलं) शब्दसीमेचं चिन्ह तर मराठीला वापरूच नये. तिथे काना-मात्रा अक्षरात धरत नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजूंना सीमा लावलेला ‘साला’ सुटा आला तर निसटतो आणि ‘सालाबादप्रमाणे’ मात्र अडकतो! त्यापेक्षा मोकळी जागा आणि विरामचिन्हांवर शब्द तोडून जुळवा. त्याआधी अदृश्य जोडचिन्हं (अक्षरं कशी जोडून दिसावीत हे ठरवणारी) काढा, पण तपासणीच्या प्रतीतूनच. मूळ मजकुरातून काढली तर काही ठिकाणी ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं.

मॉडेलला ही कटकट नाही. शिवी न देता केलेला अपमान, रोमन लिपीतली मराठी, मध्ये चिन्हं घुसडलेले शब्द, यांत ते बहुधा सरस ठरतं. येणाऱ्या कमेंट्ससाठी मीही तेच सुचवेन.

जाणाऱ्या पोस्टचं गणित मात्र वेगळं. पाडव्याला सकाळी सातची पोस्ट मॉडेलकडून आक्षेपार्हतेचे 0.58 गुण घेऊन अडकते. क्लायंट विचारतो, “कोणता शब्द खटकला?” उत्तर नसतं. अडवण्याची मर्यादा 0.5 वरून 0.7 केली की दुसरीकडे काहीतरी निसटतं. मॉडेल पुरवणाऱ्या सेवेने आवृत्ती बदलली की काल गेलेला मजकूर आज अडू शकतो. यादी निदान शब्दावर बोट ठेवते आणि एका ओळीत दुरुस्त होते. माझं मत त्यामुळेच यादीकडे झुकतं. रोज शेकडो वेगवेगळे मजकूर जात असतील तर तुमचा हिशेब वेगळा असू शकतो. तेव्हाही मॉडेलला थेट नकाराचा अधिकार देऊ नये, शंकास्पद पोस्ट माणसाकडे पाठवावी.

आणि नाव यादीत अडकलं म्हणून सगळी पोस्ट रोखू नका. ‘नमस्कार मंडळी’वाला बिननावाचा साचा तयार ठेवा, तो जाऊ द्या.