एल्कसाठी बाण: ईस्टन ॲक्सिस 5 एमएमचा रिव्ह्यू, आणि जाता जाता बाकीच्या सामानाबद्दल

कोलोरॅडोत आल्यापासून बो हंटिंगचा, म्हणजे धनुष्यबाणानं शिकारीचा, नाद लागलाय, आणि ओळखीतले एकदोघं सारखे विचारतात की कुठले बाण घेऊ, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. हे सगळं इकडचं हां, भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली हे प्रकरण बंद आहे, आणि इकडेही हंटर एज्युकेशन, लायसन्स, टॅग (त्या जनावराचा परवाना) असं सगळं रीतसर केल्याशिवाय सप्टेंबरच्या आर्चरी सीझनला जाता येत नाही.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा, मोठा नर 300 किलोच्या वर सहज जातो, त्यामुळे टार्गेटवर मारायचे हलके बाण इथे कामाचे नाहीत.

मी वापरतो ईस्टन कंपनीचे ॲक्सिस, 300 स्पाइनचे; स्पाइन म्हणजे बाणाच्या दांड्याचा, शाफ्टचा, कडकपणा. स्पाइनचं गणित उलटं असतं, आकडा लहान तेवढा बाण कडक, कारण 28 इंचांवर टेकवलेल्या शाफ्टच्या मध्यावर 880 ग्रामचं वजन टांगलं की तो इंचाच्या किती हजारांश वाकतो तो हा आकडा. माझा बो 65 पाउंडाचा (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागतो), बाण 28 इंची, तर 340 पण चाललं असतं, पण मी पुढे 50 ग्रेनचा पितळी इन्सर्ट (टोक बसवायचा तुकडा) टाकला आणि त्यावर 100 ग्रेनचं ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पातं, आणि टोकाला वजन वाढवलं की सुटताना बाण जास्त लवतो, म्हणून दुकानवाल्या म्हाताऱ्यानं 300 वर नेलं आणि ते अगदी बरोबर होतं. अख्खा बाण साधारण 475 ग्रेन, म्हणजे 31 ग्राम भरतो. स्पीड सेकंदाला 250 फुटांच्या आसपास, एनर्जी 65 फूट-पाउंड, एल्कला ईस्टनचाच चार्ट 42 ते 65 सांगतो, म्हणजे भरपूर झालं. सव्वातीनशे फुटांच्या स्पीडच्या बोच्या जाहिराती बघून पागल होऊ नका, तो आकडा 350 ग्रेनच्या बाणावर मोजलेला असतो.

कटकट एकच, इन्सर्ट शाफ्टच्या आत खोल बसतो आणि इपॉक्सीनं चिकटवावा लागतो, चुकला तर संपलं. बाण टोकावर उभा धरून भोवऱ्यासारखा फिरवा, ब्रॉडहेड डगमगलं की तो बाण बाजूला.

ब्रॉडहेड मी फिक्स्डच घेतो. उघडणारी पाती दिसायला भारी, पण उघडण्यात थोडी ताकद जाते आणि खांद्याचं हाड लागलं तर काय सांगता येत नाही. कोलोरॅडोत रुंदी निदान 7/8 इंच लागते, बो निदान 35 पाउंडाचा. धार बघायला रबरबँड ताणून पात्यावर हलकेच टेकवा, टचकन तुटला पाहिजे, तुटला नाही तर नवंकोरं असलं तरी धार लावा.

आता खर्च कुठे करायचा. माझ्या मते बाण, ब्रॉडहेड आणि रेस्ट (बोवर बाण टेकतो तो आधार), बस. ड्रॉप-अवे रेस्ट बाण सुटताच खाली पडतो म्हणून पिसांना काही लागत नाही, पण झाडीतून रांगत जायचं असेल तर ब्रशवाला व्हिस्कर बिस्किट बिनधास्त घ्या, बाण निसटायची भीतीच नाही. साइटला, म्हणजे नेम धरायच्या साधनाला, 20, 30, 40 यार्डाच्या तीन पिना पुरतात, एल्क चालत असताना डायल फिरवत कोण बसणार! स्टॅबिलायझर (बोला तोल देणारा दांडा) मात्र उगाच महागातला घेऊ नका, जंगलात तो फांद्यांतच अडकतो.

आणि दुकानात पेपर ट्यून केल्याशिवाय हलू नका. दोनतीन पावलांवरून कागदातून बाण मारायचा, माझ्या कागदावर टोकाचं भोक खाली आणि पिसांची चीर वर असं आलं, म्हाताऱ्यानं रेस्ट केसभर वर सरकवला, परत मारला, आणि मग एक गोल भोक आणि त्याला तीन बारीक चिरा, एकदम स्वच्छ. त्यानंतर फिल्ड पॉइंट (सरावाचं साधं टोक) आणि ब्रॉडहेड 40 यार्डांवर एकाच ठिकाणी जायला लागले.

बाणांना साडेचार स्टार, अर्धा त्या इपॉक्सीचा कापला. दुकानाला पाच दिले असते, पण ऑगस्टमध्ये तिथे तासन्‌तास ताटकळावं लागतं, त्यामुळे जूनमध्येच उरकून घ्या.