एमबीबीएस प्रवेशाच्या फेऱ्या: जागावाटप चोख, समजावून सांगणे अपुरे

नीट-यूजी या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल हाती आल्यावर महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याची दोन सरकारी सेवांशी गाठ पडते. सरकारी महाविद्यालयांतल्या 15 टक्के अखिल भारतीय जागा, सर्व एम्स, पुदुच्चेरीची जिपमर संस्था, केंद्रीय विद्यापीठे आणि अभिमत विद्यापीठे यांचे प्रवेश दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, करते. राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांच्या उरलेल्या 85 टक्के जागा आणि खासगी महाविद्यालयांच्या जागा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपल्या तोंडी बसलेला सीईटी सेल, भरतो. मी लातूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. निकालानंतर फायली घेऊन येणाऱ्या मुलांबरोबर आणि पालकांबरोबर बसून पसंतीक्रम भरून घेण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे, आणि त्या अनुभवावरून या दोन्ही सेवांचे परीक्षण येथे करतो आहे. माझे मत असे, की जागावाटपाची यंत्रणा पूर्ण विश्वासाला पात्र आहे. मात्र ती यंत्रणा सामान्य कुटुंबाला समजावून सांगण्याचे काम आजही अपुरे राहिले आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत शिकल्या-सवरल्या घरांपेक्षा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अधिक मोजावी लागते.

प्रथम जे चांगले आहे ते. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करतो, त्याची पहिली पसंती पाहतो, त्या महाविद्यालयात खुली किंवा त्याच्या प्रवर्गाची जागा शिल्लक असेल तर ती देतो, नसेल तर दुसरी पसंती पाहतो, आणि त्याचे काम झाल्यावरच पुढच्या विद्यार्थ्याकडे वळतो. तुम्ही केईएमला पहिल्या क्रमांकावर लिहिले की अकराव्या, याचा तुमच्या मागे किंवा पुढे असलेल्या कोणाच्याही गुणवत्तेवर परिणाम होत नाही. तुमची पाळी येईल तेव्हा तेथे जागा असेल तर ती तुमची, नसेल तर संगणक काहीही न गमावता खालच्या ओळीवर उतरतो. अकराव्या क्रमांकावर धुळे लिहिणारा आणि पहिल्या क्रमांकावर धुळे लिहिणारा यांच्यात धुळ्याची जागा ज्याचा गुणानुक्रम वर त्यालाच मिळते. दुसऱ्याने ते नाव अधिक उत्सुकतेने लिहिले म्हणून त्याला झुकते माप मिळत नाही. एवढी साधी आणि न्याय्य रचना असताना, यादी मनातल्या खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहिणे हाच त्या फेरीपुरता सर्वोत्तम मार्ग ठरतो, आणि त्यावर कोणतीही क्लृप्ती मात करू शकत नाही.

हे पटवून देणे मात्र सोपे नाही. गेल्या हंगामात अहमदपूर तालुक्यातले एक शेतकरी गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. आम्ही महाविद्यालयांची नावे कागदाच्या कपट्यांवर लिहून टेबलावर मांडली आणि मुलीला म्हटले, की कट-ऑफ विसर आणि तुला जिथे शिकायचे आहे त्या क्रमाने हे कपटे लाव. तिने केईएम सर्वांत वर ठेवले, त्याखाली पुण्याचे बी. जे., मग छत्रपती संभाजीनगर, लातूर आणि अंबाजोगाई. वडिलांनी केईएमचा कपटा उचलून हातात धरला आणि विचारले, "सर, तिथं काही हिचा नंबर लागायचा नाही. मग पहिला नंबर वाया नाही का जायचा? त्यापेक्षा लातूरच वर टाकू." मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, लातूर खाली असलं तरी ते मला तितकंच मिळणार आहे." तिला हे कळले होते, वडिलांना ते पटण्यासाठी मला गेल्या वर्षीच्या वाटप यादीतली नावे एकेक करून दाखवावी लागली. शेवटी त्यांनी तो कपटा होता तिथे परत ठेवला. वाटपाचा हा नियम चार ओळींच्या मराठीत आणि एका उदाहरणासह अर्जाच्या पानावरच छापलेला असता, तर त्या गृहस्थांना बसचे तिकीट काढून माझ्याकडे यावे लागले नसते.

याच भीतीवर खासगी सल्लागारांचा व्यवसाय उभा आहे. जवळच्या शहरातल्या एका सल्ला केंद्राने भरघोस शुल्क घेऊन माझ्या दोन विद्यार्थ्यांना "खास त्यांच्यासाठी" तयार केलेली पसंतीची यादी दिली होती. दोघांचे प्रवर्ग वेगळे, गुण वेगळे, घरची परिस्थितीही वेगळी. तरी दोन्ही याद्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारख्याच होत्या आणि त्यांचा क्रम सरळसरळ गेल्या वर्षीच्या कट-ऑफचा उतरता क्रम होता. कट-ऑफ हा मागच्या वर्षीच्या मुलांच्या आवडींचा परिणाम असतो. तो तुमच्या आवडीचा पर्याय होऊ शकत नाही. यादी किती खालपर्यंत न्यावी याचा अंदाज घेण्यापुरता त्याचा उपयोग आहे, आणि तेवढ्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही, कारण मागील फेऱ्यांचे निकाल संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले असतात.

कोणते महाविद्यालय कोणाच्या यादीत सापडेल, हा पालकांच्या गोंधळाचा पुढचा भाग. पुण्याचे भारती विद्यापीठ, कराडचे कृष्णा, लोणीचे प्रवरा, सावंगीचे दत्ता मेघे आणि डी. वाय. पाटील यांची अभिमत विद्यापीठे महाराष्ट्राच्या मातीत असली तरी ती राज्याच्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी एमसीसीकडे नोंदणी करावी लागते आणि तेथे महाराष्ट्राचा अधिवास कामी येत नाही. त्या नोंदणीसाठी 5,000 रुपये शुल्क आणि 2 लाख रुपये अनामत भरावी लागते, तर अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाला 1,000 रुपये शुल्क आणि 10,000 रुपये अनामत पुरते. नागपूरचे एम्स एमसीसीकडे आहे, सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान राज्याच्या प्रक्रियेत आहे, आणि पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयासाठी एमसीसीच्या अर्जात ती पसंती नोंदवल्यानंतर लष्कराची स्वतःची चाचणी आणि मुलाखत असते. राज्याच्या प्रक्रियेत एमबीबीएस आणि बीडीएस एका गटात, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि युनानी दुसऱ्या गटात, फिजिओथेरपीसारखे अभ्यासक्रम तिसऱ्या गटात येतात. आयुर्वेदाच्या अखिल भारतीय जागा तर एमसीसीकडेही नाहीत. त्या आयुष मंत्रालयाची स्वतंत्र समिती भरते. हे सगळे एका तक्त्यात मावण्यासारखे आहे, पण असा अधिकृत तक्ता माझ्या विद्यार्थ्यांच्या हाती पडलेला मी अजून पाहिलेला नाही.

आवडीचा क्रम ठरवताना काय तोलावे, याबद्दलही थोडे सांगतो, कारण अर्जातला सर्वांत खरा निर्णय तोच आहे. 2020 पर्यंत राज्यात 70:30चे प्रादेशिक सूत्र होते आणि मराठवाड्यातल्या मुलाला मराठवाड्याबाहेरच्या सरकारी महाविद्यालयांत फक्त 30 टक्के जागांतून वाट काढावी लागे. ते सूत्र रद्द झाल्यापासून लातूरच्या मुलीसाठी मुंबई-पुण्याची दारे समान गुणवत्तेवर उघडली आहेत. तरीही कित्येक घरांत अजून जुन्याच हिशेबाने यादी बनते. राज्याच्या यादीतल्या सर्व महाविद्यालयांची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच असते, त्यामुळे प्रमाणपत्रावरच्या नावापेक्षा रुग्णालयाकडे पाहावे. ज्या रुग्णालयात रोज बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, जिथे प्रसूतिगृह आणि अपघात विभाग रात्रभर चालतो, तिथे तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी जे पाहतो ते कोणत्याही व्याख्यानात मिळत नाही. या दृष्टीने ग्रामीण भागासाठी उभारलेले अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय माझ्या मते अनेक शहरी खासगी महाविद्यालयांच्या वर लिहिण्याजोगे आहे, आणि ते मी पालकांना आग्रहाने सांगतो. 2024 साली जालना, हिंगोली, गडचिरोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, अमरावती, अंबरनाथ, नाशिक आणि मुंबई येथे 10 नवी सरकारी महाविद्यालये सुरू झाली आणि 900 जागा वाढल्या. बहुतेकांना मान्यता प्रवेशाचा हंगाम सुरू असतानाच मिळाली. नवे महाविद्यालय जिल्हा रुग्णालयाच्या आधाराने सुरू होते, त्यामुळे रुग्ण असतात, पण वसतिगृह, प्रयोगशाळा आणि शिक्षक जमायला वेळ लागतो. सरकारी शुल्कात एमबीबीएस हवेच असेल तर ती नावे निःसंकोच लिहावीत. जुन्या महाविद्यालयाच्या वर ठेवण्याचे कारण मात्र घराजवळ असण्यापलीकडे मला दिसत नाही.

आता जिथे सेवा खरोखर कमी पडते त्या भागाकडे येतो. जागा मिळाल्यावर ती स्वीकारायची, सोडायची की पुढच्या फेरीत सुधारायची, याचे नियम फेरीगणिक बदलतात आणि त्यांचे परिणाम कठोर असतात. एमसीसीच्या पहिल्या फेरीत जागा न स्वीकारता विनाभुर्दंड बाहेर पडता येते. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर अनामत जप्त होते. तिसऱ्या फेरीत घेतलेली जागा सोडता येत नाही. शेवटच्या, म्हणजे उरलेल्या जागांच्या स्ट्रे फेरीत जागा मिळूनही न गेल्यास पुढच्या वर्षीच्या परीक्षेवरच गदा येते. एमसीसीकडे प्रत्येक फेरीसाठी पसंती नव्याने भराव्या लागतात, आणि अपग्रेडेशनला, म्हणजे वरच्या पसंतीची जागा मिळाल्यास ती घेण्याला, होकार दिल्यावर वरची जागा मिळाली की हातातली जागा आपोआप दुसऱ्याला जाते. म्हणून पुढच्या फेरीच्या यादीत हातातल्या जागेपेक्षा जी महाविद्यालये निश्चितपणे अधिक आवडतात तेवढीच लिहावीत. "लिहून ठेवू, मिळाले तर पाहू" हा विचार पहिल्या फेरीत चालून जातो, नंतर तो घातक ठरतो. राज्याच्या प्रक्रियेत हाच प्रश्न स्टेटस रिटेन्शन फॉर्मच्या रूपाने येतो: तो भरला म्हणजे मिळालेली जागा कायम झाली आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद झाले. हा फॉर्म हजेरी लावण्याची औपचारिकता समजून भरणारे पालक मला भेटतात, आणि तोपर्यंत निर्णय झालेला असतो. एवढ्या मोठ्या परिणामाच्या कागदावर त्याचा अर्थ विद्यार्थ्याच्या भाषेत ठळक अक्षरांत असायलाच हवा.

भाषेचा मुद्दा मला सर्वांत अधिक लागतो. माहितीपुस्तिका जाडजूड आहे, अचूक आहे, तिच्यात जवळपास प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आहे. पण ती इंग्रजीत, नियमांच्या भाषेत लिहिलेली आहे, आणि नंतरच्या सूचना एकामागून एक वेगवेगळ्या पत्रकांतून येतात. नीट ही परीक्षा मराठीतून देता येते. मग त्या परीक्षेनंतरच्या प्रवेशाचे नियम मराठीत मिळण्याची अपेक्षा अवाजवी नाही.

कागदपत्रांचेही तसेच. राज्याच्या जागांसाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे आणि अधिवास प्रमाणपत्र लागते. सरकारी कर्मचाऱ्यांची मुले आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातले विद्यार्थी यांच्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. राखीव प्रवर्गासाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र, आणि इतर मागासवर्गीयांसाठी मुदतीतले नॉन-क्रिमीलेअर लागते. मात्र अखिल भारतीय कोट्यात राज्याचा नमुना चालत नाही; तेथे केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसीचे, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचे, आरक्षण राज्यापुरतेच आहे, ते एमसीसीकडे नाही. हा फरक अर्ज भरताना नव्हे, कागदपत्रे तपासताना लक्षात येतो, आणि तेव्हा तहसीलच्या फेऱ्या मारायला दिवस उरत नाहीत.

शुल्क आणि सेवेचा बंध या दोन गोष्टी अर्ज भरण्याआधीच घरात बोलून घ्याव्यात. 2024च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे, पण ती केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या जागेवर. खासगी महाविद्यालयांच्या संस्थात्मक कोट्यातून घेतलेल्या जागेला ती लागू नाही. आणि सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सेवा देण्याचा बंध असतो. मला स्वतःला हा बंध योग्य वाटतो, पण तो प्रवेशाच्या दिवशी स्टॅम्प पेपरवर पहिल्यांदा वाचण्याची गोष्ट नव्हे.

एकूण सेवेला गुण द्यायचे झाल्यास जागावाटपाला मी पैकीच्या पैकी देईन, नियमांच्या मांडणीला निम्मे, आणि मराठी वाचकाच्या सोयीला त्याहून कमी. पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी नीट आहे त्यांनी वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव महाविद्यालयामार्फत आत्ताच दाखल करावा, केंद्र आणि राज्य अशा दोन्ही नमुन्यांतले दाखले नव्या आर्थिक वर्षात काढून ठेवावेत, आणि पसंतीक्रम निश्चित केल्यावर त्याची पीडीएफ प्रत फेरीच्या तारखेसह जपून ठेवावी.